शोध आप्पांचा, तोंड आईचं

माझ्या वडिलांनी माझ्या आजारी आईसाठी स्वतःच्या हातांनी दात घासायचं यंत्र बनवलं, ही गोष्ट आमच्या नात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. धाकट्या भावानं त्याचा व्हिडिओ टाकला होता, तो फिरत फिरत पार नांदेडपर्यंत पोचला. अजूनही लग्नकार्यात कुणी ना कुणी मला गाठतं. "तो ब्रश तुमच्याच आप्पांचा ना? काय जीव असेल हो बायकोवर!" मी हो म्हणते आणि ताट घेऊन पुढे सरकते. पंगतीत सांगण्यासारखं ते नाही, आणि ऐकून घ्यायची कुणाची तयारीही नसते.

आईला पक्षाघात झाला तेव्हा ती नळाखाली कोथिंबीर धूत होती. हैदराबादमधल्या नल्लकुंट्याच्या घरात तेव्हा ती आणि आप्पा दोघंच राहत होते. मी लग्न होऊन मलकपेठला, भाऊ गच्चीबावलीच्या एका उंच इमारतीत. आप्पा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. नळ बराच वेळ चालूच राहिला म्हणून ते तिला रागवायला उठले, तेव्हा ती भिंतीला टेकून खाली घसरलेली दिसली.

आई बोलणारी बाई होती. भाजीवालीशी तेलुगूत, दूधवाल्याशी दखनीत, देवाशी आणि आमच्याशी मराठीत, आणि तिन्ही भाषांत ती सारखीच भांडायची. गल्लीत कुणाच्या घरी काय शिजलंय इथपासून कुणाच्या मुलीचं कुठं जमतंय इथपर्यंत सगळं तिला माहीत असायचं. पक्षाघातानं उजवा हात आणि उजवा पाय नेला, आणि या तिन्ही भाषाही नेल्या. मागे एकच शब्द राहिला, "नको". भूक लागली तरी नको, पंखा लावायचा असला तरी नको, मी आलेली बघून आनंद झाला तरी नको. सुरावरून ओळखायचं. मी आठवड्याभरात ओळखायला शिकले. लांबवलेला नको म्हणजे हवं. दोनदा भरभर म्हटलेला नको म्हणजे लवकर कर. आणि एकच, तुटक, मान दुसरीकडे वळवून म्हटलेला नको म्हणजे खरोखरच नको.

मी शाळेत शिकवते. रोज सकाळी शाळेच्या आधी मी मलकपेठहून स्कूटीवर नल्लकुंट्याला जायची आणि आईचं तोंड साफ करायची. दिवसभराला एक बाई ठेवली होती, ती आंघोळ घालायची, कपडे बदलायची, पण तोंडात हात घालायला ती तयार नव्हती. तिला मी दोष देत नाही. आईचा उजवा गाल मेला होता. रात्रीच्या भाताची शितं त्या गालात तशीच अडकून राहायची आणि तिला ते समजायचं नाही. मी बोटाला मऊ कापड गुंडाळून, ते किंचित ओलं करून, हळूहळू सगळीकडून फिरवायची. ती डोळे मिटून घ्यायची. कधी कधी डाव्या हातानं माझं मनगट धरायची, अडवायला नाही, नुसतंच. त्या वेळी आप्पा दाराशी पेपर धरून उभे असायचे. आत येत नसत. एकदा मी म्हटलं, "आप्पा, तुम्हीही शिकून घ्या. मला एखाद दिवस जमलं नाही तर?" ते म्हणाले, "मला ते बघवत नाही गं." आणि पेपरचं पान उलटलं.

भावानं बॅटरीवर चालणारा भारीतला ब्रश पाठवला. तो तोंडात सुरू झाला तशी आई दचकली, आणि दिवसभर गालावर हात ठेवून बसली. मी तो बाजूला ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आप्पांनी तो उघडला होता, आणि त्याचे सगळे तुकडे एका ओळीत मांडले होते. कित्येक महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग दिसला.

आप्पांबद्दल इथे सांगायला हवं. ते एका मोठ्या सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या यंत्रांचे नकाशे काढले. हे चाक इथं नको, तिथं हवं, असं त्यांना अनेकदा दिसायचं, पण सांगितलं की साहेब म्हणायचे, तुम्ही रेघा ओढा. घरी येऊन ते हे जेवताना आईला सांगायचे आणि आई साहेबाला तिन्ही भाषांत शिव्या द्यायची. निवृत्तीनंतर त्यांनी मागच्या पडवीत एक बाक मांडलं, त्यावर शेगडी दुरुस्त व्हायची, शेजाऱ्यांचे मिक्सर दुरुस्त व्हायचे. पण स्वतःचं म्हणावं असं एकही यंत्र त्यांच्या हातून झालं नव्हतं. आईच्या आजारानं त्यांना ते दिलं. हे वाक्य लिहिताना मला बरं वाटत नाही, पण ते तसंच आहे.

व्यायाम करून घ्यायला एक फिजिओवाले यायचे. बरकतपुऱ्यातून यायचे, मृदू बोलायचे. आईच्या उजव्या मुठीत रबरी चेंडू देऊन म्हणायचे, "अम्मा, दबाओ. नक्को नक्को बोले तो हाथ कैसा चलता?" आईचा चेंडू दबायचा नाही, ती कंटाळायची. ते बघून आप्पांच्या डोक्यात आलं की दाबायचंच आहे तर काहीतरी उपयोगाचं का दाबू नये? पूर्वी वीज जायची त्या दिवसांत आमच्याकडे दाबायची टॉर्च होती. मुठीत धरून तिची दांडी दाबत राहायचं, आत चाक घरघरायचं आणि उजेड पडायचा. आप्पांनी ती माळ्यावरून काढली. तिची दांडी आणि चाकं घेतली, पुढे ब्रशचं डोकं बसवलं. दांडी दाबली की डोकं उजवीकडून डावीकडे फिरायचं आणि सोडली की परत यायचं. मग त्यांना वाटलं, पेस्ट लावायला दुसरा हात लागतो, तो तिला कुठून आणायचा? म्हणून ब्रशच्या मुठीत एक छोटी रबरी पिशवी बसवली, तिच्यापासून सलाईनच्या नळीचा तुकडा ब्रशच्या केसांपर्यंत नेला. दांडी दाबली की ब्रश फिरणार आणि बरोबर औषधी पाण्याचे चार थेंब पडणार. पाणी ते स्वतः करायचे, मीठ, लवंगेचं तेल, पुदिना. स्प्रिंगांसाठी बसनं अफझलगंजला जायचे, दुकानदुकान हिंडायचे, दुपारचं जेवण विसरायचे. आईही त्यांच्याविना जेवायची थांबायची, कारण ती त्यांची वाट बघायची.

सुरुवातीला मलाही बरं वाटलं, हे नाकारत नाही. जो माणूस दाराशी पेपर धरून उभा राहायचा तो आता आईच्या समोर खुर्ची ओढून बसत होता. तिची मेलेली बोटं एकेक करून दांडीवर ठेवत होता, वरून स्वतःची मूठ आवळत होता. आजवर कधी आमच्यादेखत त्यांनी आईचा हात धरल्याचं मला आठवत नाही. मी स्वयंपाकघरातून बघत राहिले. मग माझ्या ध्यानात आलं की ते आईकडे बघतच नाहीयेत. ते चाकाकडे बघताहेत.

"आता दाब. दाब ना. हां. अडकतंय कुठं? थांब, तोंड उघडं ठेव."

आई तोंड उघडं ठेवून बसायची. आप्पा ब्रश काढून, पडवीत जाऊन, स्क्रू सैल करून परत यायचे. तोवर तिच्या हनुवटीवरून पाणी गळून पदर भिजलेला असायचा. हिरडीतून रक्त यायचं, तर ते म्हणायचे केस कडक आहेत, बदलतो. ठसका लागायचा, तर म्हणायचे थेंब जास्त पडताहेत, भोक बारीक करतो. प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे इलाज होता आणि प्रत्येक इलाज आईच्या तोंडात करून बघायचा होता.

ठसक्याची मला भीती वाटू लागली. आईला दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की हिचं गिळणं नीट राहिलेलं नाही, पातळ पाणी घशातून चुकून फुप्फुसात जाईल. म्हणून आम्ही तिला पाणीसुद्धा पावडर घालून, घट्ट करून चमच्यानं द्यायचो. हे आप्पांना माहीत होतं. मी त्यांना म्हटलं, "आप्पा, पाण्याचा भाग तेवढा काढून टाका. कोरडाच ब्रश फिरू दे."

"मग त्यात राहिलं काय?" ते म्हणाले. "पाणी सोडतो हेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे."

"तिला पाणी चालत नाही."

"हे प्यायचं थोडंच आहे? थुंकायचं आहे."

"तिला थुंकता येत नाही, आप्पा."

"येईल. सवयीनं येईल. तू सकाळी एक तास येतेस, मी दिवसभर असतो तिच्याजवळ. मला जास्त कळतं का तुला?"

मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, म्हाताऱ्याला काहीतरी करायला मिळालंय, करू दे ना. तू कायकू परेशान होतीस?" मग त्यानं विचारलं, ब्रश खरंच चालतो का? मी म्हटलं, चालतो. तिथेच मी चुकले असं नाही म्हणणार, कारण ते खरंच होतं. ब्रश उत्तम चालत होता.

पुढच्या रविवारी भाऊ ऑफिसातल्या दोन मित्रांना घेऊन आला. एक तेलुगू, एक इथलाच, जुन्या शहरातला. त्यांनी कॅमेरा आणला होता, खिडकीचा पडदा सारला, आईची चाकाची खुर्ची उजेडात घेतली. भावानं मला सांगितलं, आईला चांगली साडी नेसव. मी नेसवली. आप्पांनी दाढी केली होती, कारखान्यात जाताना घालायचे तसला पांढरा शर्ट घातला होता. ते कॅमेऱ्यासमोर इतकं छान बोलले की मीही ऐकत राहिले. ज्यांच्याकडे वीज नाही, ज्यांचा एकच हात चालतो, ज्यांना स्वतःचं स्वतः करून लाज राखायची आहे, त्यांच्यासाठी हे आहे, म्हणाले. मग ते आईकडे वळले. तिची बोटं दांडीवर ठेवली आणि मोठ्यानं म्हणाले, "दाब."

आईनं मान वळवली. एकदाच, तुटक म्हणाली, "नको."

हैदराबादमध्ये हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. इथे सगळेच नक्को म्हणतात. तो जुन्या शहरातला मुलगा कॅमेऱ्यामागून चेहरा काढून पटकन म्हणाला, "अम्मा नक्को बोल रहे, अंकल. रहने दो."

आप्पा हसले. "नाही नाही," ते कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "तिचं असंच असतं. एकच शब्द येतो तिला. पेस्ट नको, असं म्हणतेय ती. बरोबर आहे, याला पेस्ट लागतच नाही."

मी दारात उभी होते. मी म्हटलं, "आप्पा, ती नको म्हणतेय." भावानं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, आवाज रेकॉर्ड होत होता. आप्पांनी वरून मूठ आवळली, चाक घरघरलं, ब्रश फिरला. आईनं तोंड उघडं ठेवलं. व्हिडिओत एवढंच आहे. नंतर ती किती वेळ खोकत राहिली ते त्यात नाही, आणि माझं वाक्यही भावानं काढून टाकलं.

चार-पाच दिवसांत तिला ताप भरला. छातीत घरघर. दवाखान्यात न्यूमोनिया निघाला. मी डॉक्टरीणबाईंना ब्रशबद्दल सगळं सांगितलं, आप्पा बाजूलाच उभे होते. बाई म्हणाल्या की त्यानंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, अशा पेशंटची स्वतःची लाळही फुप्फुसात जाते, पण पातळ पाणी तोंडात सोडणं बंदच करा. या वाक्याचा पहिला अर्धा आप्पांनी ऐकला आणि दुसरा मी. बाहेर व्हरांड्यात ते म्हणाले, "ऐकलंस ना? ब्रशचा संबंध नाही."

"तुम्ही तिचा जीव घ्याल एक दिवस," मी म्हटलं. आजूबाजूला माणसं होती, तरी म्हटलं.

आप्पा चष्मा काढून पुसत राहिले. दवाखान्यातून सोडलं तेव्हा मी आईला परस्पर मलकपेठला नेलं. कुणाला विचारलं नाही. माझ्या नवऱ्यानं त्याची अभ्यासाची खोली रिकामी करून दिली, मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली. आता सगळं नीट होईल असं मला वाटत होतं. मी तिला घट्ट पाणी चमच्यानं द्यायची, बोटाला कापड गुंडाळून तोंड साफ करायची, खिडकीत बसवायची. आप्पांचा दुपारी फोन यायचा. ते विचारायचे, "हात चालतोय का तिचा?" जेवली का, झोपली का, हे त्यांनी विचारलं नाही. मी फोन आईच्या कानाला लावायची. पलीकडून आप्पा काहीच बोलायचे नाहीत, त्यांना फोनवर तिच्याशी बोलता येत नसे. आई मात्र फोन सोडायची नाही.

मग तिनं जेवण कमी केलं. मी चमचा पुढे केला की मान वळवायची. बोटाला कापड गुंडाळून तोंडाशी नेलं तर ओठ मिटून घ्यायची. मी विचारायची, काय दुखतंय, कुठं दुखतंय? नको. कपडे बदलू? नको. टीव्ही लावू? नको. सगळे तेच, तुटक, खरे. फिजिओवाले आता मलकपेठला येऊ लागले होते. एके दिवशी त्यांनी तिचा हात चोळता चोळता सहज विचारलं, "क्या अम्मा, घर जाते?" आईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि लांबलचक "नकोऽ" म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. फिजिओवाले माझ्याकडे बघू लागले. मी त्यांना सांगितलं नाही की त्याचा अर्थ काय होतो. पण मला तो माहीत होता.

रविवारी तिला परत नेलं. आप्पा फाटकात उभे होते, वाळले होते. त्यांनी आणि माझ्या नवऱ्यानं मिळून खुर्ची आत घेतली. मला वाटलं आता हा माणूस दोन शब्द तरी बोलेल. त्यांनी आईची खुर्ची टेबलाशी लावली, पडवीत गेले आणि नवा ब्रश घेऊन आले. दांडी अधिक रुंद होती, मुठीला कापडी पट्टी शिवलेली.

"पाणी घट्ट केलंय आता," ते मला म्हणाले. "तीच पावडर घातली. बघ, टपकत नाही." त्यांनी ब्रश उलटा धरून दाखवला. खरंच टपकत नव्हतं. आईचा न्यूमोनिया त्यांच्या लेखी यंत्रातली एक चूक होती आणि ती त्यांनी दुरुस्त केली होती.

मी ब्रश हिसकावून घेणार होते. त्याआधी आईनं तिचा चांगला, डावा हात पुढे केला. ब्रश घेतला, उजव्या मुठीत ठेवला, वरून डाव्या हातानं दाबला. चाक घरघरलं. आप्पा तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि चाकाकडे बघू लागले. आई त्यांच्याकडे बघत होती. पूर्वी जेवताना, ते साहेबाचं गाऱ्हाणं सांगायचे तेव्हा बघायची, तशीच. मी तिथून निघाले. त्या दिवशी मला आप्पांपेक्षा आईचा राग जास्त आला होता, आणि तो सांगायला कुणी नव्हतं.

त्यानंतर मी रोज जाणं सोडलं. आठवड्यातून दोनदा जायची, गेले की तोंड तपासायची. स्वच्छ असायचं. भात अडकलेला नसायचा. याचंही मला बरं वाटलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आईला दुसरा झटका आला आणि ती गेली. त्याचा ब्रशशी काही संबंध नव्हता. भेटायला आलेल्या माणसांनी ब्रश बघायला मागितला. भावानं तो कपाटातून काढून दाखवला, लोकांनी हातात घेऊन दांडी दाबून पाहिली. माझ्याबद्दल एक मावशी म्हणाली की मधे मुलीनं आईबापांची ताटातूट केली होती म्हणे. भाऊ तिथंच होता. त्यानं ब्रश परत कपाटात ठेवला.

सगळे गेल्यावर मी आप्पांसाठी चहा टाकला. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले, या वेळी हातात पेपर नव्हता.

"तिला आवडला होता ना गं तो ब्रश?" त्यांनी विचारलं.

इतक्या महिन्यांत हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला होता, आणि तोही मला. माझ्याकडे देण्यासारखी पुष्कळ उत्तरं होती. पण ते इतके खांदे पाडून उभे होते, आणि मीही थकले होते.

"हो," मी म्हटलं. "आवडला होता."

आप्पांनी मान हलवली. कप हातात घेतला, फुंकर घातली, एक घोट घेतला. मग म्हणाले, "मग तू तेव्हा एवढी का भांडलीस माझ्याशी?"

मी गॅस बंद केला. ओट्यावरचं साखरेचं झाकण लावलं, पर्स घेतली, आणि निघते म्हणून सांगितलं. फाटकाशी स्कूटी सुरू करताना ते मागून येऊन म्हणाले, "सावकाश जा. मलकपेठच्या पुलाखाली रस्ता खणलाय."